कठड्यावरचा लाल टॉवेल

आज समोरच्या कठड्यावर लाल टॉवेल दिसला आणि पंपाच्या बटणाकडे गेलेला माझा हात आपोआप मागे आला.

पूर्वी आमच्या गल्लीत दोन पंप एकदम लागले की कोपऱ्यावरच्या डीपीचा फ्यूज उडायचा. म्हणून ज्याचा पंप चालू असेल त्याने कठड्यावर लाल टॉवेल टाकायचा आणि तो दिसतोय तोवर बाकीच्यांनी थांबायचं. एकदा समोरच्या कुसुमकाकू टॉवेल तसाच ठेवून लग्नाला गेल्या. दुपारपर्यंत सगळी गल्ली कोरडी होती, पण पंप कुणी लावला नाही. "काकूंची टाकी आहे की विहीर!" एवढंच आई म्हणाली.

आता मीटर हुशार झालेत. पंप कधी लावायचा ते मोबाइलवर येतं, वेळ पाळली की बिलात सूटही मिळते. परवा ते मेसेज आलेच नाहीत, तेव्हा सगळ्यांनी एकदम पंप लावले आणि अख्ख्या गल्लीची वीज गेली. कुणीही समोर डोकावून पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

काकूंच्या घरात आता भाडेकरू राहतात. टॉवेल त्यांनी नुसता वाळत घातलाय, हे मला कळतं. तरी तो आत जाईपर्यंत मी थांबलो.