सोबत : झडतीची एक प्रत

माझी सगळी नोकरी अकोल्याला एका सरकारी कचेरीत अर्ज तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर अमरावतीला घर केलं, पण पोळ्याला मी अजूनही गावी जातो. गाव या दोन शहरांच्या मधे, काळ्या मातीत. पावसाळ्यात चपला हातात घेतल्याशिवाय वेशीच्या आत जाता येत नाही.

आमच्याकडे पोळ्याला आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली सजवलेले बैल उभे करतात आणि माणसं पुढे येऊन झडत्या म्हणतात. झडती म्हणजे दोन ओळींचा टोमणा. सरपंच, तलाठी, सावकार, जावई, कोणीही सुटत नाही. ज्याच्यावर झडती पडली त्यानं हसायचं आणि संध्याकाळी म्हणणाऱ्याच्या घरी पुरणपोळी खायला जायचं, असा नियम. तो कोणी कुठे लिहून ठेवलेला नव्हता, आणि मोडल्याचं मला आठवत नाही. वर्षातून तेवढा एक दिवस गावावर गावाचं राज्य असायचं.

या झडत्यांचे राजे म्हणजे माझे मोठेबाबा, वडिलांचे थोरले भाऊ. आता चौऱ्याऐंशीचे आहेत. झडती महिनाभर डोक्यात घोळवायचे, पण मोठ्याईला, म्हणजे आपल्या बायकोलासुद्धा आधी ऐकवायचे नाहीत. मला नोकरी लागली त्या वर्षी तोरणाखाली उभे राहून म्हणाले,

"पुतण्या आमचा बाबू झाला, खुर्चीत बसला फुगून,
बाप भेटाले गेला तं म्हने, अर्ज आना लिहून!"

सगळा पोळा हसला. मी कानापर्यंत लाल झालो आणि संध्याकाळी त्यांच्याकडे चार पोळ्या खाल्ल्या.

पुढे दिवस बदलले. उभ्या पिकाचा फोटो मोबाइलमधून पाठवल्याशिवाय पीक खरं ठरेना. रेशनला अंगठा लागू लागला. बैलांच्या कानात आकड्यांचे पिवळे बिल्ले आले. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि कारण बहुतेक वेळा बरंच असायचं, त्यामुळे भांडायचं तरी कोणाशी? माणूस जुलमानं थकत नाही, या अशा समंजस कारणांनी थकतो. मी तर त्याच यंत्रात उभा जन्म काढलेला, मी काय बोलणार!

तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या कुठल्याशा गावात पोळ्यात मारामारी झाली आणि आमच्या ठाण्यानं निरोप धाडला : यंदापासून पोळ्याला परवानगी लागेल. गावकरी माझ्याकडे आले. "तू जिंदगीभर हेच करत आला, तूच लिही."

मी अर्ज लिहिला. छान लिहिला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं जागच्या जागी. मग हात थांबेना. कचेरीत मी नव्या पोरांना एकच मंत्र द्यायचो, की साहेब जे मागेल ते जोडा, आणि जे मागू शकेल तेही जोडा, म्हणजे कागद परत येत नाही. 'कार्यक्रमाचे स्वरूप' असा एक रकाना होता. त्यात 'पारंपरिक' एवढा शब्द पुरला असता. मी मोठेबाबांकडे जाऊन बसलो आणि अर्जाला लागते म्हणून त्यांची त्या वर्षीची झडती काढून घेतली. त्यांनी कुरकुर केली, पण पुतण्यावर विश्वास ठेवून सांगितली. मी ती सुवाच्य अक्षरात लिहिली आणि खाली ओळ टाकली : सोबत, झडतीची एक प्रत.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही खोटं नाही.

ठाण्यातले साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी मला चहा दिला. अर्ज चाळताना त्या प्रतीवर थांबले आणि वाचू लागले.

"रस्ता झाला कागदावर, सायेब गेले फोटू काढून,
आमचे बैल अजून उभे, चिखलात पाय गाडून!"

ते हसले. खरंच हसले. मग लाल पेन घेऊन दोन्ही ओळींवर हलकेच रेघ मारली. "छान आहे हो. पण उगाच कशाला? दुसरं काही म्हणा." समोर ठेवलं की वाचावं लागतं, वाचलं की जबाबदारी येते, एवढं मला कळायला हवं होतं. मी "हो साहेब" म्हणालो. तीस वर्षं जिभेवर बसलेलं वाक्य, ते आपोआप निघालं.

गावात येऊन सांगितलं, तेव्हा मोठेबाबांनी विचारलं, "पन हे मांगतलं कोनं?"

"नियम हाये," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी परवानगीच्या कागदावर छापील अट आली : झडत्यांचा मजकूर सात दिवस आधी सादर करावा. शेजारच्या गावांनाही तीच अट. मी ती ओट्यावर बसून वाचली. मला स्वतःची लाज वाटली, आणि सांगायची हिंमत झाली नाही.

मधली दोन वर्षं मोठेबाबांनी कुरकुरत झडती सांगितली; यंदा दिलीच नाही. "कागदावर गेली का ते झडती राह्यत नाई, बाबू. तिचा अर्ज होऊन जाते." शेवटच्या दिवशी मीच पाऊसपाण्याच्या, देवाधर्माच्या दोन ओळी लिहून शिक्का मारून आणल्या.

पोळ्याला बैल मोजकेच होते. ट्रॅक्टरला झूल घालता येत नाही. तोरणाजवळ एक शिपाई मंजूर कागद हातात धरून उभा होता. चांगला माणूस, जवळच्याच गावचा. मोठेबाबांना तो बसायला खुर्ची देत म्हणाला, "बाबा, आमाले काय करा लागते तुमच्या झडत्यांचं! पयल्या वर्षी कोनी मांगतल्याच नवत्या. तुमच्या पुतन्यानंच जोडून देल्या, तवापासून फाइलीत रीत पडली."

मी बैलांच्या शिंगांकडे बघत राहिलो. मोठेबाबा खुर्चीत बसले नाहीत.

त्यांची पाळी आली. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी कागद दिला. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला. उभ्या आयुष्यात झडती वाचून म्हटली नव्हती त्या माणसानं. माझ्या दोन ओळी त्यांनी सावकाश, शाळेत धडा वाचावा तशा वाचल्या. शिपायानं हातातल्या कागदावर खूण केली. लोकांनी सवयीनं 'हर हर महादेव' म्हटलं. कोणी हसलं नाही, हसण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

रीतीप्रमाणे तोरण तुटलं, बैल घराकडे निघाले. मोठेबाबांनी चष्मा काढला, कागदाची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"घे," ते म्हणाले. "पुढच्या वर्साच्या अर्जाले जोडजो."

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे पोळी खायला गेलो नाही. माझ्यावर झडती पडलीच नव्हती, जाणार कोणत्या तोंडानं?