लातूरची मावसबहीण

केवळाबाईच्या लातूरच्या मावसबहिणीला ओळखत नाही असा माणूस गावात नव्हता. अडचण एवढीच होती, की केवळाबाईला मावसबहीणच नव्हती.

गाव बिलोली तालुक्यातलं. केवळाबाई तिथली शेतकरीण, पन्नाशी ओलांडलेली, एकुलती एक पोरगी पुनम उमरीला दिलेली. नवरा जाताना तिच्यासाठी दोन गोष्टी मागं ठेवून गेला, थोडं रान आणि एचआयव्ही. रानातला वाटा मागायला दीर लगेच आला. दुसऱ्या गोष्टीतला वाटा कोणी मागितला नाही, कारण पुनम सोडली तर ती कोणाला माहीतच नव्हती, आणि माहीत होऊही द्यायची नाही हे केवळाबाईनं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. नांदेडला औषध सुरू करणं सोयीचं होतं. पण नांदेडच्या कुठल्याही दवाखान्यात पाय ठेवला की बिलोलीकडचं कोणी ना कोणी "काय झालं गं तुला?" म्हणत समोर उभं. म्हणून तिनं लातूर धरलं. देगलूरला गाडी बदलायची, उदगीरवरून लातूर गाठायचं. कंबर ढिली व्हायची, पण इज्जत शाबूत राहायची.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पहाटे जायचं आणि रात्री शेवटच्या गाडीनं यायचं, याला काही कारण पाहिजे. शेजारच्या भामाबाईनं पहिल्याच खेपेला विचारलं, "लातूरला कोण हाय गं तुझं?"

"मावसबहीण. मावशी बिदरकडं दिल्ती न्हाई का."

बिदरपर्यंत जाऊन खातरजमा करावी इतकी हौस भामाबाईलाही नव्हती. तिनं फक्त नाव विचारलं. केवळाबाईला नाव सुचेना. दवाखान्यातल्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईचं नाव तेवढं आठवलं. "गुरम्मा," ती म्हणाली, आणि बहीण जन्माला आली.

खरी गुरम्मा निलंग्याच्या पलीकडची, सीमेवरच्या कुठल्याशा गावची. कुठल्या, ते केवळाबाईला ठाऊक नव्हतं. हे औषध जिथं मिळतं त्या एआरटी सेंटरच्या बाकाचा एक न बोललेला कायदा होता. गाव विचारायचं नाही, आडनाव विचारायचं नाही, फोन नंबर मागायचा नाही. बाकी सगळं बोलायला मुभा. त्यामुळं गुरम्माच्या सुनेचा आळस, म्हशीचा स्वभाव आणि टाचेचं कुरूप हे सगळं केवळाबाईला तोंडपाठ होतं. गुरम्मा तिला अक्का म्हणायची.

रात्री केवळाबाई परतली की भामाबाई ओट्यावर वाट बघत बसलेलीच. म्हशीनं या महिन्यात कोणाला लाथ मारली हे ऐकल्याशिवाय तिला झोप यायची नाही. गुरम्मा खरं तर विधवा, पण तसं सांगितलं तर भामाबाई "इकडंच आण की तिला" म्हणाली असती, म्हणून केवळाबाईनं तिला तहसीलमध्ये साहेब असलेला नवरा आणि वर माडीचं घर देऊन टाकलं. भामाबाई गुरम्मासाठी आंब्याचं लोणचं पाठवायची, आणि खरी गुरम्मा ते मिटक्या मारत खाऊन शेंगांच्या पोळ्या परत पाठवायची. पोळ्या गावभर वाटल्या जायच्या. एवढा धडधडीत पुरावा असताना बहीण नाही असं म्हणायची कोणाची छाती होती?

सगळं सुरळीत चाललं होतं. मग दवाखान्यात संशोधन आलं.

उज्वला नावाची मुलगी ते काम बघायची. फार गोड बोलायची, आणि समजावून सांगितलेलं समोरच्याला समजलं की नाही हे दोनदा विचारायची. "मावशी, तुमच्या रक्तात आता विषाणू सापडतसुद्धा नाही. इतकी चांगली तब्येत असलेल्या माणसानं दर महिन्याला इतक्या लांबून कशाला यायचं? सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या तर तब्येत अशीच राहते का, ते आम्ही बघतोय. काही जणांना सहा महिन्यांनी बोलवायचं, काही जणांना पहिल्यासारखं दर महिन्याला. कोण कुठल्या गटात, ते कॉम्प्युटर ठरवणार."

केवळाबाईला हे सरपंचपदाच्या सोडतीसारखं वाटलं. तिनं हात जोडून होकार दिला, आणि तिला सहा महिन्यांचा गट निघाला. गोळ्यांच्या बाटल्यांनी पिशवी भरली. गुरम्मा तेवढ्यात आत वजन करायला गेली होती, आणि उदगीरची गाडी चुकली तर मुक्कामाची पंचाईत. केवळाबाई निघाली. देगलूरपर्यंत पिशवी खुळखुळ्यासारखी वाजत आली. घरी आल्यावर तिनं एकेक बाटली उघडून आत कापूस कोंबला आणि सगळ्या हळदीच्या डब्यामागं लपवल्या.

पहिला महिना तिला फार बरं वाटलं. मंगळवारी ती उन्हं वर येईस्तोवर झोपली. संध्याकाळी भामाबाई ओट्यावर येऊन बसली. "गेली न्हाईस?"

"पाय दुखून राहिला गं."

पुढच्या महिन्यात पाय बरा होता, म्हणून रानात काम निघालं. त्याच्या पुढच्या महिन्यात रानातलंही काम संपलं, आणि केवळाबाई नुसतीच गप्प बसली. तिचं तिलाच कळेना झालं होतं. औषध घरात, तब्येत ठणठणीत, कंबर शाबूत, आणि मंगळवार उजाडला की जेवण घशाखाली उतरत नव्हतं. गुरम्माची सून एव्हाना माहेरहून आली का? म्हैस व्याली का? कोणाला विचारणार?

तिचं ते तोंड बघून भामाबाईनं निकाल लावला. बहिणी-बहिणींचं बिनसलं.

ही खबर दगडोबा आबांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. आबा गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. समितीचं काम भांडणं मिटवायचं, आणि गावात भांडणंच उरली नव्हती. शेवटचा तंटा बांधावरच्या बाभळीचा, तोसुद्धा दोन्ही पार्ट्यांनी आबांना न विचारता आपसात मिटवून टाकलेला. तेव्हापासून आबा उदास असायचे. केवळाबाईच्या दारात ते धुतलेला पटका बांधून आले.

"केवळा, जित्या बहिणीशी बोलनं टाकायचं म्हंजे काय! येत्या म्हयन्याच्या पहिल्या मंगळवारी आपुन लातूरला जाऊन फैसला करू."

केवळाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "आबा, र्‍हाऊ द्या की. तुमाला तकलीफ."

"तकलीफ कसली? माझा जिम्माच हाय तो."

भामाबाईनं तोवर लोणच्याची बरणी भरली होती. तिला माडी बघायची होती, साहेब बघायचे होते, आणि जमलं तर म्हशीलाही भेटायचं होतं.

मंगळवारपर्यंत केवळाबाईनं सगळे देव आळवले. बहीण नाही हे कळलं, की पुढचा प्रश्न काय येणार हे तिला दिसत होतं. मग तू दर महिन्याला जात कुठं होतीस? त्या प्रश्नाचं उत्तर एकदा गावात फुटलं, की तिच्या ओट्यावर कोणी बसणार नाही, तिच्या घरचं पाणी कोणी पिणार नाही. लोक वाईट होते असं नाही. पण घाबरले की लोकांचं काय होतं, ते नवरा आजारी असताना तिनं पाहिलं होतं.

वाचवलं ते आबांनीच. लातूरच्या स्टँडवर उतरताच त्यांनी जाहीर केलं, "घरी जायाचं न्हाई. तंटा कोनाच्या घरात मिटवायचा नसतो. तिऱ्हाईत जागा पायजे."

भामाबाईची माडी बुडाली, पण केवळाबाईचा जीव भांड्यात पडला. गंजगोलाईजवळच्या एका हॉटेलात दोघांना बसवून, भजी सांगून, ती "घिऊन येते तिला" म्हणत निघाली. दवाखान्यापर्यंत ती अक्षरशः पळत गेली.

गुरम्मा त्या संशोधनात नसेल किंवा महिन्याच्या गटात पडली असेल, तर ती आज बाकावर असणार. आणि ती होती. तिनं वर पाहिलं. केवळाबाईला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं हात पुढं करून केवळाबाईचं मनगट चाचपलं, चिमटा काढला, आणि मग तोंड फिरवून भिंतीकडं बघत बसली.

"गुरम्मा, माझी अब्रू तुझ्या हातात हाय," केवळाबाई कानाशी लागून कुजबुजली. बहीण, बिदर, साहेब, माडी, भांडण, आबा, सगळं तिनं एका दमात सांगितलं. गुरम्मानं सगळं भिंतीकडं बघतच ऐकलं. उठली, पदर खोचला आणि चालू लागली. केवळाबाईला वाटलं, जमलं.

कशाचं काय! हॉटेलात पाय टाकताच गुरम्माचा बांध फुटला.

"कशाला आलीस? आं? आता कशाला आलीस?"

सगळं हॉटेल वळून बघू लागलं. आबांनी भजं खाली ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत तेज आलं. अखेर एक खरंखुरं भांडण त्यांच्या वाट्याला आलं होतं.

"येते म्हनली न्हाई, जाते म्हनली न्हाई! मी दर म्हयन्याला जागा धरून बसले, पिशवी ठिवून! तिथल्या पोरीला विचारलं, अक्का कुठं हाय? ती म्हनली, दुसऱ्याचं आमाला सांगता येत न्हाई. आनि खाली बघितलं तिनं. मी काय समजायचं? तिथं न सांगता जो यायचा बंद हुतो, तो कुठं जातो ते ठावं न्हाई का तुला?"

केवळाबाईच्या आता लक्षात आलं. ती बाकड्यावर बसली. बाकावरची जागा रिकामी झाली की कोणी विचारत नसे, हाही त्या बाकाचा कायदाच होता. गेल्या काही वर्षांत त्या दोघींनी मिळून अशा कितीतरी रिकाम्या जागा पाहिल्या होत्या.

"मेलीस असं वाटलं गं मला!" गुरम्मा आता रडत होती. "तुझ्या दिवसाला गव्हाची हुग्गी केली. जंगमाला जेवू घातलं!"

भामाबाईनं तोंडावर पदर धरला. "आगं बया! जितेपनी जेवन घातलं? इतका राग?"

"लई जहाल मामला हाय," आबा पुटपुटले.

"मला वाटलं, गोळ्या सोडल्यास तू," गुरम्मा बोलून गेली.

भामाबाईनं कान टवकारले. "कसल्या गोळ्या?"

गुरम्मानं डोळे पुसले, भामाबाईकडं बघितलं आणि ठणकावून सांगितलं, "बीपीच्या."

"बीपीच्या सोडू नये," आबा गंभीरपणे म्हणाले. "मला बी हायत. बहिनीवर राग काढावा, गोळीवर काढू नये." मग त्यांना काहीतरी आठवलं. "आनि पाव्हणे कुठं हायत? साहेब?"

"कोन साहेब?" गुरम्मा म्हणाली. केवळाबाईला जोराचा ठसका लागला. गुरम्मानं तिच्याकडं एक जळजळीत नजर टाकली. "त्यांचं नाव काढू नका माझ्यापुढं."

आबा आणि भामाबाईनं एकमेकांकडं बघितलं. भांडणाचं मूळ सापडलं होतं. साहेबांना सासुरवाडीची माणसं नको असणार. भामाबाईच्या मनातून माडी तिथल्या तिथं कोसळली, आणि ती उठून गुरम्माच्या पाठीवरून हात फिरवू लागली. "जाऊ दे गं. असल्या साहेबाला काय जाळायचंय?"

केवळाबाईनं गुरम्माचा हात धरला. काय बोलायचं हे ठरवून आली होती, ते सगळं विसरलं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "सांगून जायाला पायजे हुतं. तुझ्याबिगर मला करमलं न्हाई गं." हे बोलताना तिला रडू फुटलं, आणि त्यात नाटक अजिबात नव्हतं.

आबांनी घसा खाकरला आणि फैसला दिला. "दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी केवळानं लातूरला यायचं. दोघींनी जोडीनं बसून च्या प्यायचा. ज्यानं चुकवलं, त्याला तंटामुक्तीचा दंड. कबूल?"

"हाव," दोघी म्हणाल्या.

आबा इतके खूश झाले, की सगळ्या भज्यांचे पैसे त्यांनी स्वतः दिले. गावात आजही ते हा तंटा आपल्या हयातीतला सगळ्यात अवघड तंटा म्हणून सांगतात.

निघताना गुरम्मानं केवळाबाईला बाजूला घेतलं. "एक ध्यानात ठिव अक्का. मी बी गावात लातूरची बहीन म्हनूनच सांगून यायची. माझ्या गावात तू मेलीस. आता तिकडं फिरकू नको. परत हुग्गी करायला सून तयार हुनार न्हाई."

"मग तू आता काय सांगून येतीस?"

"तुझी पोरगी सांभाळायला जाते म्हनून."

पुढच्या महिन्यात उज्वला बाहेर आली, तर बाकावर केवळाबाई. तिच्या शेजारी पिशवी ठेवून धरलेली जागा, आणि नजर दाराकडं. उज्वला घाबरलीच. "मावशी, काही त्रास होतोय? गोळ्या संपल्या?"

"न्हाई बाई. गोळ्या हायत. रोज घेते."

"मग इतक्या लांबून कशाला आलात? यावं लागू नये म्हणून तर एवढा खटाटोप!"

केवळाबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि क्षणभर ती अडखळली. इतकी वर्षं हेच वाक्य ती भामाबाईला, कंडक्टरला, गावातल्या ज्यानं विचारलं त्याला बेधडक सांगत आली होती. आज ते पहिल्यांदा खरं होतं, म्हणून जिभेला जड गेलं.

"बहिणीला भेटाया आले," ती म्हणाली, आणि दारातून गुरम्मा येताना दिसली तशी तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली.