देवाचा घड आणि अडकलेला कंटेनर

"वुई टुक द सॅम्पल. वुई स्प्रेड. वुई कट द ग्रेप्स." हॉलंडच्या गिऱ्हाइकाला असा मेल ठोकून मी चहाला गेलो. परत येतो तर उत्तर हजर: कंटेनर होल्डवर.

मी जुन्नरजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये कागदपत्रं बघतो. इथून द्राक्षं खोक्यांत भरून परदेशी जातात. त्याआधी बागेतला नमुना लॅबला जातो, तो सॅम्पल. त्यानंतर औषध मारायचं, म्हणजे स्प्रे करायचं, नसतं. बागवाल्या सखाराम नानांनी औषध आधीच मारलं होतं, पण मला जसं आठवलं तसं मी लिहीत गेलो आणि मेलमध्ये ते नंतर जाऊन बसलं.

नानांचा वर्षाचा सगळा माल त्या कंटेनरमध्ये. नानांचा फोन आला. "भाऊ, सॅम्पलनंतर मी मारलं न्हाई ते औषध तुमी हाफिसात बसून मारलंत व्हय?"

पॅकहाऊसचे साहेब शांतपणे म्हणाले, "हॅड घाला. दोन गोष्टी होऊन गेल्या असतील, तर आधीचीला हॅड. वुई हॅड स्प्रेड."

"हॅड घालून मेल पाठवला साहेब. आता हॉलंडवाले पुरावा मागतायत."

मी नानांची फवारणीची वही मागवली. तीत तारीखच नाही. नुसतं लिहिलेलं, 'देवाच्या घडाआधी शेवटचं औषध.'

"नाना, हे काय?"

"पयला घड भैरोबाला. एकदा तो दिला की बागंला औषध न्हाई. देवाला इख चारायचं का राव?"

"आणि घड दिला कधी?"

"मंडळीला इचारा. तिनं फोटू काढलाय."

काकूंनी फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. तारखेसकट. भैरोबापुढे घड, नारळ, आणि मागे लॅबचा माणूस, एका हातात सॅम्पलची पिशवी, दुसरा हात प्रसादाला पुढे. म्हणजे घड आणि सॅम्पल एकाच दिवशी, औषध त्याच्याही आधी. मी खुर्चीतच नाचलो.

नवा मेल गेला: "वुई हॅड फिनिश्ड स्प्रेइंग बिफोर वुई ऑफर्ड द फर्स्ट बंच टु अवर गॉड." सोबत वही, फोटो.

तासाभरात कंटेनर सुटला. त्यांच्या मेलखाली एक ओळ होती: लॅबच्या माणसाला प्रसाद मिळाला का?

तेव्हापासून मेल पाठवण्याआधी मी नानांना फोन करून विचारतो, काय आधी, काय नंतर.

घरी बायकोला सगळं रंगवून सांगितलं, हॅडसकट. ती म्हणाली, "तुम्ही बोलायला लागलात, त्याआधीच मी ताट वाढलं होतं. गार झालं. आता तसंच जेवा."