प्रस्तावनेची वाट

मागच्या महिन्यात अमरावतीच्या एका कॉलेजात मुलांनी विचारलं, पहिलं पुस्तक काढायचं कसं? मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. हजार प्रती छापू नका, तीनशे पुरतात. छापण्याआधी सगळं मोठ्याने वाचून पाहा. ओळखीच्यांना फुकट वाटू नका, फुकट आलेलं पुस्तक टीव्हीखाली जाऊन बसतं. तालुक्याच्या वाचनालयात स्वतः जा, ग्रंथपालाशी बोला. नुसत्या पत्रावर कोणी पुस्तक घेत नाही. आणि प्रस्तावनेसाठी थांबू नका.

एका मुलीने शेवटचं लिहून घेतलं. "का सर?"

"वेळ जातो," मी म्हणालो. किती गेला ते सांगितलं नाही.

मी अंजनगाव सुर्जीजवळच्या खेड्यातला. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. अकोल्याला प्रवेशाचा फॉर्म शाळेतल्या मराठीच्या सरांनी भरला, वसतिगृहाच्या रांगेतही तेच माझ्याबरोबर उभे राहिले. पुढे मी गावच्या पानमळ्यांवर कथा लिहिल्या, तेव्हा निवृत्त होऊन परतवाड्याला राहणाऱ्या सरांनी सगळं हस्तलिखित लाल पेनाने तपासलं. साखरेने त्यांची नजर तेव्हाच कमी झाली होती. कागद नाकाजवळ धरून वाचायचे.

"आता छापलेलंच वाचतो," ते म्हणाले. "टाइप मोठा घ्यायले सांग. अन् लवकर कर."

डीटीपी झालं, मुखपृष्ठ झालं. छापायला आठ दिवस पुरले असते. पण पहिल्या पुस्तकाला मोठ्या माणसाची प्रस्तावना नसली तर ते कोणी हातात घेत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. पुण्याच्या एका नामवंत लेखकांना मी प्रत पाठवली. ते हो म्हणाले. मग चौदा महिने मी दिवाळीच्या, संक्रांतीच्या, पाडव्याच्या शुभेच्छांमागून हळूच आठवण देत राहिलो.

सरांचा फोन यायचा. "काहून रे, अजून अडलंच हाये?"

"प्रस्तावना यायची आहे सर."

"त्याईले आपलं गाव ठाऊक हाये का?"

"मोठं नाव आहे सर."

"बरं. पाह्य तू वाट. माहे डोये काही वाट पाहून नाही राहिले." आणि हसले. मीही हसलो.

प्रस्तावना आली ती दीड पानाची. तीत कपाशी होती, आटलेली विहीर होती, भेगाळलेली जमीन होती. माझ्या पुस्तकात कपाशीचं एक बोंड नाही. पानमळ्याला बारा महिने पाणी लागतं. मी ती छापली.

पहिली प्रत घेऊन परतवाड्याला गेलो. सर दाराशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, सवयीने नाकाजवळ नेलं, मग मुखपृष्ठावरून अंगठा फिरवला.

"टाइप मोठा घेतला?"

"घेतला सर."

"चांगलं केलं." पुस्तक माझ्याकडे परत दिलं. "मले आता उजेड तेवढा समजते. तूच वाच."

मला काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं होतं, एवढं कळत होतं. मी प्रस्तावनेपासून सुरुवात केली. कपाशीपाशी त्यांनी हात वर केला.

"हे कोन्या गावचं हाये? पुढं चाल."

पहिली कथा काढली. तिसऱ्या पानावर ते म्हणाले, "थांब. मागची दोन वाक्यं जास्त हायेत. मी खोडली होती ना?"

खोडली होती. प्रस्तावना लिहिणाऱ्यांना आवडतील म्हणून मी ती पुन्हा घातली होती.

"सर, आता छापून झालं."

"ठाऊक हाये मले. खोड."

मी खिशातलं पेन काढलं आणि दोन्ही वाक्यांवर रेघ ओढली.

"खोडली?"

"हो सर."

"वाच पुढं."