झडप

बाबा जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात पंप दुरुस्त करायचे. आईला धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, "हृदयाची झडप नीट मिटत नाही, रक्त मागे फिरतं. आराम द्या." बाबांना ते पटलं नाही. "गळका पंप बंद ठेवला की जाम होऊन जाते," म्हणत ते रोज संध्याकाळी तिला मदन महल स्टेशनपर्यंत चालवत. मी चिडायची, "काहून चालवून राहिले तिला?"

लढाई सुरू झाली, बाबांना डबल ड्यूटी लागली आणि एक संध्याकाळ चुकली. दुसऱ्या दिवशी आई गेली. पंपाला लावायचे तसा बाबांनी तिच्या छातीला कान लावला. कितीतरी वेळाने उठून म्हणाले, "काल माझ्यामुळं चालणं राहून गेलं तिचं."