बी बाजूचं तिसरं गाणं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही हिरामणला ओळखत नाही, एवढंच.

नव्वदच्या दशकातलं सुरत. आम्ही तिथल्या गोडादरा भागातले खानदेशी, लग्नांत ऑर्केस्ट्रा वाजवायचो. ऑर्केस्ट्रा कसला — दोन कर्णे, एक ढोलक, हिरामणची पेटी आणि माझा कीबोर्ड. मी कापड मार्केटात कारकून, बारावी पास, म्हणजे त्या घोळक्यात मीच काय तो विद्वान! हिरामण लूमच्या खात्यात, मागावर कामाला. केसांत कायम धाग्यांचा भुसा, पेटी अर्धी मुकी, आणि चाली मात्र अशा लावायचा की — जाऊ द्या. त्या मला आवडत नाहीत, असं मी स्वतःला बजावत असे.

माझ्याकडे स्वीडनच्या एका गाणी रचणाऱ्याची कॅसेट होती. त्याच्याविषयी मासिकात वाचलेलं मी हिरामणला ऐटीत सांगायचो — आधी गावातल्या नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचा, मग दुसऱ्यांसाठी गाणी रचू लागला, मग सगळं जग त्याच्या गाण्यांवर नाचायला लागलं. "तो बी पाळीवर जाये का?" हिरामण विचारायचा. मी हसायचो. नकाशात स्वीडन कुठे आहे, हे मलाही दाखवता आलं नसतं.

मग कॅसेटांचं दुकान असलेल्या एका शेठला अहिराणी गाण्यांची कॅसेट काढायची होती. आम्ही दोघांनी आपापली चाल ऐकवली. माझी त्याने दोन ओळींत थांबवली. हिरामणची तीनदा ऐकली. कॅसेटवर त्याचं नाव छापायचं ठरलं — नाव! ज्याला ते धड लिहिताही येत नव्हतं, त्याचं.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच शेठकडे गेलो. का गेलो? चहा प्यायला नक्कीच नाही. म्हणालो, ही चाल स्वीडनवाल्याची आहे, बी बाजूचं तिसरं गाणं. कॅसेट टेबलावर ठेवली. त्याने ती लावूनही पाहिली नाही. "मारे चोरीनो माल नथी जोईतो," म्हणाला. चोरीचा माल नको म्हणे — ज्याचं अर्धं दुकान नकली कॅसेटांवर चालायचं, तो! पण त्याला मी काय हसणार? खोटं माझं होतं. त्या गाण्यात हिरामणच्या चालीसारखं काही म्हणता काही नव्हतं.

शेठने माझं नाव सांगूनच हिरामणला नकार कळवला. मला वाटलं, आता हिरामण भांडायला येईल. तो आला, पण माझ्याकडून ती स्वीडनवाल्याची कॅसेट मागून घेऊन गेला. आठ दिवस ऐकत बसला. मग पुन्हा आला, खाली मान घालून. "ते गानं मना कानमां बशी गयं व्हई, भाऊ. चुकनू. माफ कर."

कळलं ना तुम्हाला? स्वतःच्या कानांपेक्षा त्याचा माझ्या बारावीवर विश्वास! त्यानंतर त्याने एकही चाल लावली नाही. पेटी माळ्यावर गेली.

खरं सांगायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. तो समोर उभा होता, मी मोकळाच होतो. आणि मी काय केलं — त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याला माफ केलं.