आईच्या न्हाणीचे सांधे

मी आठवी-नववीला विज्ञान शिकवतो, आणि तरीही माझ्या आईच्या न्हाणीचे सांधे मला तीनदा भरावे लागले. वर्गात ही गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.

पेडण्यातल्या आमच्या घरी आई एकटी राहते. मी नोकरीमुळे डिचोलीला, दादा म्हापशाला फ्लॅटमध्ये. न्हाणी आणि देवाची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि चवथीला गणपती बसतो तो नेमका तिला पाठ लावून. यंदा पाऊस जाऊन चार महिने झाले तरी ती भिंत ओलीच होती. रंगाचे पापुद्रे सुटले होते. दादाने न्हाणीत बादलीभर पाणी ओतलं, लाद्यांमधले काळे, पोकळ सांधे दाखवले आणि निकाल दिला. पाणी तिथूनच मुरतंय, न्हाणी फोडून नवी करायची आणि काम संपेपर्यंत आईने म्हापशाला यायचं.

'काम संपेपर्यंत' म्हणजे काय ते आईला बरोबर कळलं. शेजारची काकी अशीच कौलं बदलायची म्हणून मुलाकडे गेली, ती गेलीच. तिच्या तुळशीला आता आमची आई पाणी घालते. दादाची पाठ वळताच आई उठली. मला मागच्या दारी नेऊन म्हणाली, "पुता, तुका जमता काय बघ. माका हंयसून हलवू नका."

मी दादाकडून चवथीपर्यंतची मुदत मागून घेतली. "भिंत ओली दिसली तर मी आईला घेऊन जाणार," तो म्हणाला. दादा वाईट नाही. आई ओल्या फरशीवर घसरून पडली तर रात्री तिच्या हाकेला कोण येणार, ही धास्ती त्याला आहे आणि ती मलाही आहे.

पहिल्या रविवारी मी हॅकसॉच्या तुटक्या पात्याने जुने सांधे कोरले आणि सांध्यांत भरायचं सिमेंट, म्हणजे ग्राउट, कालवलं, घावनाच्या पिठाएवढं पातळ. ते छान पसरलं आणि आठवड्याभरात तडकलं. चूक माझी होती, पण मी पात्याला शिव्या दिल्या. दुसऱ्या वेळी श्रीखंडाएवढं घट्ट कालवलं, रबरी पट्टीने तिरकं दाबून भरलं, जरा आळल्यावर ओल्या स्पंजने पुसलं. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात सिलिकॉन घातलं. सांधे असे पांढरेशुभ्र दिसत होते की आई दारात उभी राहून बघतच राहिली. "देवळासारखी दिसता रे न्हाणी," ती म्हणाली. मीही फुगलो.

महिन्याभरात तेही गेलं. नखाने खरवडलं की रेती सुटायची. भिंतीवरचा डाग तसूभरही हटला नव्हता. माझं डोकं फिरलं. ती भुकटी कागदाच्या पुडीत बांधून मी ग्राउट घेतलं होतं त्या म्हापशाच्या दुकानात गेलो. तो नेमका शुक्रवार, बाजाराचा दिवस. भर गर्दीत मी दुकानदाराला जुना माल खपवतोस म्हणून नाही नाही ते बोललो. त्याने भुकटी बोटांत चोळली आणि शांतपणे विचारलं, "मास्तर, न्हाणी कशान धुता?"

"पाण्याने! आणखी कशाने धुणार?" मी खेकसलो. त्याने दुसरं पाकीट काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी न कळवताच घरी गेलो. आई न्हाणीत उकिडवी बसली होती. शेजारी वाटीत ठेचलेली बिंबलं. परसातल्या झाडाला बोटाएवढी हिरवी, दात आंबवणारी ही फळं लगडलेली असतात. आमच्याकडे समया आणि तांब्याची भांडी त्यांनीच घासतात, सोन्यासारखी निघतात. आई नारळाच्या शेंडीने एकेक सांधा त्या बिंबलांनी घासत होती. आणि सांध्यावर बारीक बारीक फेस येत होता.

तो फेस मी ओळखतो. दर वर्षी वर्गात खडूवर लिंबू पिळून मी तो मुलांना दाखवतो. सिमेंटलाही आंबट तसंच खातं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे माझ्यासाठीच लिहिलं असावं.

पण हे शहाणपण मला नंतर सुचलं. तेव्हा मी ओरडलो. "आई, काय चाललंय तुझं? माझ्या सगळ्या कष्टांवर पाणी फिरवलंस!"

तिने शेंडी खाली ठेवली. "अरे, काळी पडाक नको म्हणान घासतंय. रोज घासतंय. तुजो भाव येतलो, काळी न्हाणी बघतलो नि म्हणतलो, चल म्हापशाक."

गुडघे दुखत असताना ती महिनाभर रोज तिथे बसत होती, ह्या घरात राहता यावं म्हणून. आणि त्याच घासण्याने न्हाणी तिला घराबाहेर काढत होती. मला माझ्या आवाजाची लाज वाटली. मी तिच्याजवळ ओल्या फरशीवर बसलो आणि फेसाची गोष्ट सांगितली. ते ऐकून ती आधी घाबरली, मग म्हणाली, "आदी सांगाक नको? शिक्षक ना रे तू!"

तिसऱ्या वेळी आम्ही दोघांनी मिळून काम केलं. मी कोरलं, धुतलं, वाळू दिलं, भरलं. पुसायला मात्र तिने मला हात लावू दिला नाही. जन्मभर शेणाने जमीन सारवलेली बाई ती. किती ओलं, किती दाबून आणि कधी हात उचलायचा, हे तिला न सांगता येत होतं. तीन दिवस तिने मागच्या विहिरीवर पत्र्याच्या आडोशाला आंघोळ केली. न्हाणीकडे मी पाऊल वळवलं तर ओरडायची, "सारवलेल्यार कोण पाय ठेवता?" मग ब्रशने पाणी अडवणाऱ्या सीलरचे दोन हात दिले. दुकानदाराकडे जाऊन मी माफीही मागितली. तो हसला, म्हणाला त्याची आईही तेच करायची.

चवथीच्या आदल्या दिवशी दादा आला, हातात मोठी रिकामी बॅग घेऊन. आई माटोळीला फळं बांधत होती. गणपतीच्या डोक्यावरच्या त्या लाकडी चौकटीत तिने बिंबलांचा घोसही अडकवला होता. दादाने भिंतीवर तळहात ठेवला, वरपासून खालपर्यंत फिरवला. मग गाल टेकवून पाहिला. आई दोरीची गाठ सोडून पुन्हा तीच गाठ मारत होती.

"सुकी आसा," दादा म्हणाला.

गणपती पोचवल्यावर आईने ती बॅग तळलेल्या गोड नेवऱ्यांनी आणि नारळांनी भरून त्याच्या हातात दिली. त्याची गाडी वळणाआड गेल्यावर ती न्हाणीत गेली आणि तिने मला हाक मारली. एका सांध्यावर तिने बोटाने पाण्याचा थेंब ठेवला होता. तो आत मुरला नव्हता, गोल बसून राहिला होता.

"बघ," ती म्हणाली, "हलाक नाय."

मला रडू आलं. तिने पाहिलं आणि पदराने सांध्यावरचा थेंब पुसून घेतला.